लेक सतरा वर्षांची: ५० सीसीचं लायसन्स आत्ता काढू की अठरानंतर थेट विथ गिअर?

पडवीतली_स्प्लेंडर (कराड तालुका)

नमस्कार. माझी लेक बारावी सायन्सला आहे, येत्या जुलैत तिला अठरा पूर्ण होतील. आमचं गाव पाटण रस्त्यापासून चार किलोमीटर आत, कॉलेज कराडात विद्यानगरला. सकाळची एसटी मिळते, पासही मोफत आहे. अडचण येतानाची. प्रॅक्टिकल सुटेपर्यंत साडेपाच वाजतात, तोवर गावात येणारी गाडी निघून गेलेली असते. मग फाट्यावर उतरून चालत यायचं. दोन्ही बाजूंना ऊस. सध्या सहा वाजताच अंधारतं, मी बॅटरी घेऊन अर्ध्या वाटेवर जाऊन उभी राहते.

शेजारचे भाऊजी म्हणतात, सोळाव्या वर्षीच लायसन्स मिळतं, ते काढा आणि एखादी जुनी स्कूटी घेऊन द्या, कोण विचारतंय! इकडे तिच्या वडिलांची स्प्लेंडर पडवीत ताडपत्रीखाली उभी आहे. ते जाऊन दोन वर्षं झाली. दर रविवारी मी किक मारून पाच मिनिटं गाडी चालू ठेवते, विकायला मन होत नाही. लेक म्हणते, आई, मी पप्पांचीच गाडी शिकणार. शिकताना मागे मी बसेन, तेवढाच तिला धीर.

आत्ता छोटं लायसन्स काढून नंतर मोठं करावं, की सात महिने थांबावं?

जुना_मेकॅनिक

ताई, भाऊजींचं म्हणणं अर्धंच खरं आहे. सोळाव्या वर्षी पालकांच्या संमतीने लायसन्स मिळतं, पण ते ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं. पूर्वी लूना होती तेव्हा त्याला अर्थ होता. आज शोरूममध्ये जाऊन बघा. साधी टीव्हीएस एक्सएल १०० घेतली तरी ती शंभराच्या आसपास, ॲक्टिव्हा १०९ च्या पुढे. म्हणजे कागद हातात येईल आणि त्यावर चालवायला गाडीच नसेल. त्या लायसन्सवर स्कूटी चालवली तर कायद्याच्या लेखी ती विनापरवानाच.

आणि 'कोण विचारतंय' असं म्हणू नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने परवान्याशिवाय गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते. मुलीला तर पंचविशीपर्यंत लायसन्सच मिळत नाही. सात महिने वाचवायला जाऊन सात वर्षं घालवाल.

मिरजकर_काका

आमच्या घरातलं सांगतो. पुतण्याने स्कूटरवर टेस्ट दिली, विदाऊट गिअरचं लायसन्स मिळालं. सगळ्यांना वाटलं, झालं काम. एकदा मित्राची मोटरसायकल घेऊन निघाला आणि वळणावर एका आजोबांना धडक बसली. आजोबा वाचले, पाय मोडला. भरपाई विमा कंपनीने आधी त्यांना दिली आणि नंतर गाडीमालकाकडून वसूल केली, कारण चालवणाऱ्याकडे त्या प्रकारच्या गाडीचं लायसन्स नव्हतं. मित्राच्या वडिलांनी म्हैस विकून पैसे भरले. त्यांच्या घरी जायला आम्हाला आजही तोंड नाही.

घरात जी गाडी उभी आहे, तिचंच लायसन्स काढा. विथ गिअर असलं की बिनगिअरची स्कूटरही चालवता येते, उलटं चालत नाही.

क्लचवाली_ताई (सांगली)

मी अकरा वर्षं बायकामुलींना दुचाकी शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ताई, थांबा, आणि थेट विथ गिअरच काढा. पण हे सात महिने मोकळे नाहीत. आधी गाडीचे कागद बघा. आरसी अजून तिच्या वडिलांच्याच नावावर असेल तर आधी वारसाच्या नावावर करून घ्या. त्यासाठी फॉर्म ३१ असतो. मृत्यूचा दाखला, आरसी, विमा, पीयूसी आणि बाकीच्या वारसांची संमती घेऊन कराडच्याच आरटीओत जा, साताऱ्याला जायची गरज नाही. टेस्टला गाडी आपलीच न्यावी लागते आणि तिथे हे सगळे कागद बघतात.

दुसरं, शिकाऊ लायसन्सवर मागे कुणालाही बसवता येत नाही. शिकवणारा बसू शकतो, पण त्याच्याकडे त्या गाडीचं पक्कं लायसन्स हवं. तुमच्याकडे नसेल तर तुम्ही बसायचं नाही. मला कळतं तुम्हाला का बसायचंय, तरीही नाही.

आता शिकण्याचं. स्प्लेंडर शंभर किलोच्या वर भरते. पहिला दिवस मी इंजिन चालूच करू देत नाही. नुसती गाडी ढकलायची, वळवायची, मधल्या स्टँडवर चढवायची-उतरवायची. पडलेली गाडी उचलायची. आपण ही उचलू शकतो हे कळलं की निम्मी भीती जाते. हे अंगणात, इंजिन बंद ठेवून, ती आजपासून करू शकते.

इंजिन मात्र अठरानंतर. तेव्हा सपाट माळावर पहिला गिअर टाकायचा आणि ॲक्सिलरेटरला हात लावायचा नाही. क्लच केसाएवढा सोडत जायचा. एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो, टाकीला लागलेल्या गुडघ्यांना थरथर जाणवते आणि गाडी हलकेच ओढ घेते. बोटं तिथेच थांबवायची, परत दाबायचं. शंभर वेळा. ज्या मुलीला ती जागा बोटांनी सापडली तिची गाडी चढावर बंद पडत नाही. आरटीओच्या आठच्या आकड्यातही तिला पाय टेकावा लागत नाही: पहिला गिअर, अर्धा क्लच, मागचा ब्रेक किंचित, नजर पुढच्या वळणावर. चाकाकडे बघितलं की पाय टेकलाच. ओढणी घरीच ठेवायची, हेल्मेट पट्टा लावून.

जुलैत वाढदिवस झाला की लर्निंग काढा. ते सहा महिने चालतं, पक्की टेस्ट तीस दिवसांनंतर देता येते. पण ऑगस्टात घाई करू नका, तुमच्याकडचा पाऊस मला माहीत आहे. ऑक्टोबरात द्या.

कुणी बिनलायसन्सची इलेक्ट्रिक सुचवेल. २५० वॅटच्या आतल्या, ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणाऱ्या गाडीला लायसन्स लागत नाही हे खरं. फाटा ते घर एवढ्यासाठी ती चालेल. पण महामार्गावर उसाच्या ट्रॉल्यांमधून २५ च्या वेगाने लेकीला पाठवू नका.

पडवीतली_स्प्लेंडर

सगळ्यांचे मनापासून आभार. लेकीला सगळं वाचून दाखवलं. मिरजकर काकांचं वाचताना ती गप्प झाली.

आरसी अजून त्यांच्याच नावावर आहे, विमाही गेल्या वर्षी संपला. सोमवारी दाखला आणि कागद घेऊन आरटीओत जाते. माझा भाऊ ओगलेवाडीला असतो, त्याच्याकडे विथ गिअरचं लायसन्स आहे. जुलैपासून दर रविवारी यायला तो तयार आहे, मागे तोच बसेल. तोवर संध्याकाळी बॅटरी घेऊन मी आहेच.

आज दुपारी तिने ताडपत्री काढली आणि गाडी मधल्या स्टँडवर चढवून बघितली. चौथ्या वेळी चढली.

क्लचवाली_ताई (सांगली)

चौथ्या वेळी म्हणजे छान. स्टँडवर उजवा पाय पूर्ण वजनाने द्यायला सांगा, हाताने गाडी ओढायची नाही, कंबर धरते. आणि दोन वर्षं उभी गाडी आहे, टायरच्या कडांना चिरा पडल्यात का ते उजेडात बघून घ्या.