रविवारची लेणी, मेट्रोने

(मुंबईतल्या एका सोसायटीच्या ग्रुपवरचं बोलणं; नावांऐवजी फ्लॅट नंबर)

ए-३०२: रविवारी सकाळी लवकर निघून चार लेणी करूया का? कान्हेरी, महाकाली, जोगेश्वरी, मंडपेश्वर. सगळी पश्चिम उपनगरातलीच.

सी-१०४: काका, कान्हेरी काढा यातून. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या गेटपासून सहा-सात किलोमीटर आत, वर शंभराहून जास्त गुंफा. ती एकटीच अर्धा दिवस खाते. उरलेली तीन वस्तीत दडलेली आहेत, कुणी वाट वाकडी करून जात नाही. ती एका दिवसात आरामात होतात.

ए-३०२: बरं. क्रम काय ठेवायचा?

सी-१०४: आधी महाकाली. टेकडी उघडी आहे, दहानंतर कातळ तापतो. मग जोगेश्वरी, ती जमिनीखाली, भर दुपारी गार. शेवटी मंडपेश्वर.

बी-५०१: रविवारी लोकलच्या ब्लॉकच्या (दुरुस्तीसाठी गाड्या बंद) भानगडीत पडू नका. मेट्रो ७ ने गुंदवली (अंधेरी पूर्व), तिथून रिक्षा. रिक्षावाल्याला नुसतं "महाकाली" सांगू नका. महाकाली केव्हज रोड लांबलचक आहे, मध्येच कुठेतरी उतरवतात. "गुंफेच्या गेटपर्यंत" असं आधीच बोला.

बी-२०३: पण तिथे बघण्यासारखं काय आहे? फोटोत नुसता काळा दगड दिसतो.

सी-१०४: वहिनी, १९ गुंफा आहेत, दोन गटांत. बाकीच्या भरभर बघितल्या तरी चालेल, ९ नंबरपाशी मात्र थांबा. आत स्तूप आहे आणि त्याच्याभोवती दगडातच कोरलेली गोल भिंत, अगदी झोपडीसारखी. दाराच्या दोन्ही बाजूंना जाळीच्या खिडक्या. लाकडी जाळी कशी असते ती हुबेहूब दगडात उतरवलीय. अशी गोल खोली बिहारच्या बराबर टेकड्यांत आहे, आपल्याकडे क्वचितच.

बी-२०३: आणि मूर्ती झिजलेल्या का?

सी-१०४: दगडामुळे. तो एकजीव बेसॉल्ट (घट्ट काळा कातळ) नाही, ज्वालामुखीच्या राखेत दगडांचे तुकडे रुतून बनलेला खडक आहे. पाणी मुरलं की तुकडे सुटतात. त्यात माणसांनी केलेली मोडतोड वेगळी. म्हणून मुलांना भिंतींना टेकू देऊ नका, जाळीला तर हातच नको.

बी-५०१: तिथून जोगेश्वरीला जायला परत अंधेरीला येऊ नका. जेव्हीएलआरने (जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता) रिक्षा सरळ पश्चिम द्रुतगती हायवेला येते, लेणी हायवेजवळच आहेत. प्रवेशद्वार घरांच्या गर्दीत आहे, पाटी शोधत बसण्यापेक्षा कुणालाही "जोगेश्वरी मंदिर" विचारा.

सी-१०४: सहाव्या शतकातली शैव लेणी आहेत ती, घारापुरीच्या आगेमागेच्या काळातली. पायऱ्या उतरून खाली जायचं. आत खांबांचं मोठं दालन आणि मधोमध चारही बाजूंना दारं असलेलं गर्भगृह. छताच्या वरच वस्ती असल्यामुळे पाणी पाझरतं. पावसाळ्यात तळ भरतो, एरवीही फरशी ओली असते. चपला बाहेर काढायच्या, तेव्हा जादा मोजे घ्या. डोळे अंधाराला सरावेपर्यंत दोन मिनिटं थांबा, लगेच मोबाइलचा टॉर्च मारू नका. तसंही कडेनं येणाऱ्या उजेडातच कोरीवकाम उठून दिसतं.

ए-३०२: मी ट्रायपॉड आणणार होतो.

सी-१०४: घरीच ठेवा काका. पुरातत्त्व खात्याच्या जागी त्याला परवानगी लागते, पहारेकरी अडवतो.

बी-५०१: पुढे जोगेश्वरी पूर्वहून मेट्रो ७ दहिसर पूर्वपर्यंत, तिथून मेट्रो २ए. आनंदनगर, कांदरपाडा, मग मंडपेश्वर. कधी कधी तीच गाडी पुढे जाते, तेव्हा उतरण्याआधी घोषणा ऐका. आणि स्वच्छतागृह मेट्रो स्टेशनवरच उरकून घ्या, लेण्यांपाशी त्याची खात्री नाही.

बी-२०३: मंडपेश्वरला चर्च आहे म्हणे?

सी-१०४: होतं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी याच शिवलेण्याचं चर्च केलं. आत एका ठिकाणी दगडात मोठा क्रूस कोरलेला आहे, दुसरीकडे नटराज, आणि लेण्याच्या वर त्यांच्या बांधकामाच्या पडक्या भिंती. गर्भगृहात आता पुन्हा शिवलिंगाची पूजा होते. बहुतेक लोक शिवलिंगाला नमस्कार करून परततात आणि वरच्या भिंती राहून जातात. मागून चढून त्या बघाच.

ए-३०२: एकूण वेळ?

बी-५०१: महाकाली दीड तास, बाकी दोन्ही एकेक तास, प्रवासाला दोन-अडीच. ७:३० ला गुंदवली गाठली तर तीनच्या आत मोकळे. माणशी दीड लिटर पाणी घ्या.

ए-३०२: आत्तापर्यंत ११ नावं आली आहेत. एका रिक्षात तीनच, म्हणजे चार रिक्षा. अजून एकाची जागा आहे, तेरावा आला तर पाचवी करावी लागेल. शुक्रवारी रात्रीपर्यंत सांगा.