फिप्स घराण्याचा पोलादाचा पैसा शंभर वर्षं कसा टिकला?

उद्यमनगरी
मंडळी, आमची उद्यमनगरला फौंड्री (ओतकामाचा कारखाना) आहे, आजोबांनी क्यूपोलापासनं, म्हणजे कोकवरच्या जुन्या भट्टीपासनं उभी केली, आता चुलतभावांत वाटणीचं बोलणं सुरू झालंय, एकजण म्हणतो शेड विकून मोकळं होऊ, दुसरा म्हणतो कर्ज काढून मोठी इंडक्शन फर्नेस (विजेवरची भट्टी) बसवू. अशात हेन्री फिप्सबद्दल वाचलं. अमेरिकेत पिट्सबर्गजवळच्या एका चांभाराचा पोरगा, पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगीचा लहानपणचा शेजारी आणि पुढं पार्टनर, कंपनीचा हिशेब बघायचा. त्यांच्या घरात आजही तो पैसा आहे. आपल्याकडं तिसऱ्या पिढीत शेडमध्ये भिंत घालतात, त्यांच्यात का नाही घातली?

शाहूपुरीकर
भावा, कारण त्यांनी कारखाना ठेवलाच नाही. १९०१ ला बँकर जे. पी. मॉर्गननं कार्नेगी स्टील ४८ कोटी डॉलरला घेतली, त्यातले साधारण ५ कोटी फिप्सला मिळाले. १९०७ ला त्यानं घरचा पैसा सांभाळायला बेसेमर ट्रस्ट काढली, म्हणजे पैसा एका जागी आणि बघायला पगारी जाणकार माणसं. १९७० च्या दशकात तिथं बाहेरच्या घराण्यांचे पैसे पण घ्यायला लागले, आणि मालकी अजून फिप्स घराण्याचीच आहे. तुम्ही पण जागा आणि मशिनरी एका कंपनीत घाला, शेअर वाटा, आणि भट्टीवर ज्याला ते काम जमतं त्यालाच बसवा, थोरला आहे म्हणून नको.

मोल्डरचा मुलगा
पैसा टिकला हे खरं, पण तो आला कुठनं ते पण बोला की. १८९२ ला कार्नेगीच्या होमस्टेडच्या कारखान्यात पगार कापायला निघाले म्हणून कामगार अडून बसले, तर कंपनीचा कारभारी फ्रिकनं पिंकर्टन या खासगी पहारेकरी कंपनीची ३०० माणसं नदीतनं आणली, गोळीबार झाला, दोन्हीकडची माणसं मेली, शेवटी युनियन मोडली. माझे वडील शिरोलीला मोल्डर होते, वाळूत उकिडवं बसून साचे भरायचे, रस सांडून पायावर पडलेले डाग शेवटपर्यंत होते. वाटणीच्या कागदात कामगारांची ग्रॅच्युइटी आधी लिहा, भावांचे हिस्से नंतर.

गगनबावडा
वरच्यांचं पटलं. तरी फिप्सनं नुसतं साठवलं नाही, न्यूयॉर्कमध्ये कामगारांच्या घरांसाठी १० लाख डॉलर दिले, टीबीच्या संशोधनाला दिले, आणि लॉर्ड कर्झनला दिलेल्या ३०,००० पौंडांतनं १९०५ ला बिहारमध्ये पुसाची शेतीसंस्था उभी राहिली. १९३४ च्या भूकंपात ती इमारत गेली म्हणून संस्था दिल्लीला आली. आपला शेतकरी ज्या पुसाच्या जाती पेरतो त्या याच संस्थेच्या.

उद्यमनगरी
ग्रॅच्युइटीचं डोक्यातच नव्हतं, आज अण्णांशी बोलतो. पण शेअर वाटले आणि एकाला रोख पैसेच पाहिजेत म्हटल्यावर काय करायचं?

शाहूपुरीकर
बाहेरगावचा व्हॅल्युअर आणा, कुणाच्याच ओळखीतला नको. त्याच्या आकड्यावर आधी सगळ्यांच्या सह्या घ्या, मग बाकीच्यांनी रोख मागणाऱ्या भावाचा हिस्सा हप्त्यानं विकत घ्यायचा. एकरकमी द्यायला गेलात तर भट्टीच विकावी लागेल.