धनाग्र मायनस कसं? दहावीच्या मुलीचा प्रश्न आणि फॅरेडेची पत्रं

खानापूरच्या बाई

नमस्कार. मी खानापूर तालुक्यात एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात विज्ञान शिकवते. दहावीला तांब्याचं विद्युत शुद्धीकरण आहे. फळ्यावर आकृती काढून ते मुलांच्या गळी उतरत नाही, म्हणून यंदा करूनच दाखवलं. कृषी सेवा केंद्रातून मोरचूद (कॉपर सल्फेट) आणला, लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत विरघळवला, सौम्य गंधकाम्लाचे चार थेंब घातले आणि दोन तांब्याच्या तारा बुडवून नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी जोडली. वीस मिनिटांत मायनसकडच्या तारेवर विटकरी लव धरली. बोट लावलं की निघून येत होती. प्लसकडची तार पाण्याखाली खरवडल्यासारखी दिसायला लागली. धनाग्र झिजतं, ऋणाग्रावर तांबं साचतं. मुलं खूश, मीही खूश.

मग हौसेने पुढचं दाखवायला गेले. लिंबात एक जस्ताचा मुलामा असलेला खिळा, शेजारी तांब्याची तार, आणि मीटर लावला. ०.९ व्होल्टच्या आसपास काटा आला. तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची मुलगी उठली. "बाई, इथं जस्त झिजतंय, म्हणजे हे अ‍ॅनोड. अ‍ॅनोड म्हणजे धनाग्र. पण मीटर तर जस्ताला मायनस दाखवतोय. मग धनाग्र मायनस कसं?"

मी म्हटलं, "घटात, म्हणजे स्वतः वीज तयार करणाऱ्या सेलमध्ये, उलटं असतं, लक्षात ठेव." ती बसली. पण तिचं समाधान झालं नव्हतं हे मला दिसलं, आणि खरं सांगते, माझंही झालं नव्हतं. एवढी वर्षं मी स्वतः ते पाठच केलं होतं. अ‍ॅनोड-कॅथोड हे शब्द इंग्लंडच्या फॅरेडे या शास्त्रज्ञाने कुणाला तरी पत्र लिहून मागवले होते असं कॉलेजात कानावर आलं होतं. कुणाला नीट माहीत आहे का? सोमवारी तिला उत्तर द्यायचं आहे.

उद्यमबाग प्लेटिंग

बाई, मी उद्यमबागेत निकेल प्लेटिंग करतो, बावीस वर्षं झाली. आमच्यात धनाग्र-ऋणाग्र कोण म्हणत नाही. रेक्टिफायरचा (डीसी करंट देणाऱ्या यंत्राचा) प्लस निकेलला, मायनस जॉबला, म्हणजे मुलामा द्यायच्या वस्तूला, एवढंच. निकेलचे तुकडे टायटॅनियमच्या जाळीत भरायचे आणि वरून कापडी पिशवी चढवायची, म्हणजे गाळ बाथमध्ये, टाकीतल्या द्रावणात, उतरत नाही. त्याला मात्र सगळेच अ‍ॅनोड म्हणतात, मालकापासून हेल्परपर्यंत.

एकदा नव्या पोराने वायरी उलट्या जोडल्या. जॉब पितळेचे होते. चढायच्या ऐवजी पितळच बाथमध्ये विरघळायला लागलं. तांबं-जस्त शिरल्यावर बाथ काळपट प्लेटिंग द्यायला लागतो. मग जॉबच्या जागी नालीदार पत्रा लटकवून कमी करंटवर दोन दिवस डमी चालवली, म्हणजे ती घाण पत्र्यावर चढवून काढली, तेव्हा बाथ जागेवर आला. तेव्हापासून मी पोरांना एकच सांगतो, करंट जिथनं पाण्यात शिरतो तिथलं झिजतंय, जिथनं बाहेर पडतो तिथं चढतंय. एक अँपिअर एक तास गेला की साधारण १.१ ग्रॅम निकेल चढतं. हा हिशेब फॅरेडेचाच की.

लिंबाचं मला सांगता येणार नाही. सर लोक सांगतील.

निवृत्त मास्तर, शहापूर

बाई, वरच्या दादांनी तुमचं निम्मं उत्तर देऊन टाकलं आहे. "करंट जिथनं शिरतो" हीच फॅरेडेची मूळ कल्पना. उरलेलं निम्मं त्या पत्रांत आहे, आणि ती पत्रं माझ्या फार जवळची आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फॅरेडे लोहाराचा मुलगा. शाळा जेमतेम, मग पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी. ग्रीक येत नव्हतं, गणितही नव्हतं. १८२२ मध्ये त्याने पॅरिसच्या अँपिअरला लिहिलेल्या पत्रात हे मोकळेपणाने कबूल केलं आहे. मला गणिताचं ज्ञान नाही, मी एकाला एक लागून ठेवलेल्या तथ्यांना चाचपडत पुढे जातो, अशा अर्थाचं. ज्याला लिहिलं तो अँपिअर गणिताचा प्राध्यापक, आणि रसायनातही मुरलेला. हायड्रोफ्लोरिक आम्लात एक नवं मूलद्रव्य असणार हे त्यानेच लंडनच्या हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाला पत्राने कळवलं आणि त्याचं नावही सुचवलं. त्या वेळी फ्रान्स आणि इंग्लंड यांचं युद्ध चालू होतं. १८१३ मध्ये डेव्ही पॅरिसला गेला, तेव्हा तरुण फॅरेडे त्याचा मदतनीस म्हणून बरोबर होता. लोकांना पत्र लिहून विचारायचं, लाजायचं नाही, हे त्याने तिथे पाहिलं असणार असं मला वाटतं.

आता १८३४. विद्युत अपघटनावरचा, म्हणजे वीज सोडून पदार्थ फोडण्यावरचा, त्याचा निबंध रॉयल सोसायटीत वाचून झाला होता, छापायचा बाकी होता. आणि तो शब्दांपाशी अडला होता. तेव्हा सगळे 'ध्रुव' म्हणत, म्हणजे पोल. ध्रुव म्हटलं की तो लोहचुंबकासारखा ओढतो अशी समजूत होते. फॅरेडेचं म्हणणं, ओढत कोणी नाही, ती नुसती प्रवाहाची दारं आहेत. म्हणून त्याने आधी 'आयसोड' आणि 'एक्सोड' घेतले होते, आत यायची वाट आणि बाहेर जायची वाट. पण प्रवाह म्हणजे नक्की काय, तो कुठून कुठे जातो, हे तेव्हा कुणालाच ठाम सांगता येत नव्हतं. उद्या दिशा उलटी निघाली तर 'आत' आणि 'बाहेर' दोन्ही खोटे पडणार.

म्हणून त्याने एक आधार शोधला. पृथ्वीचं चुंबकत्व तिच्याभोवती फिरणाऱ्या प्रवाहामुळे आहे असं धरलं, तर तो प्रवाह पूर्वेकडून पश्चिमेकडे जायला हवा, सूर्य जातो तसा. आपलं भांडं त्याच दिशेने ठेवलं की एक टोक उगवतीकडे, दुसरं मावळतीकडे. प्रवाहाबद्दलचं मत उद्या बदललं तरी उगवती काही बदलत नाही. एवढं ठरलं, पण त्याला साजेसा शब्द त्याच्याजवळ नव्हता.

२४ एप्रिलला त्याने केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या विल्यम ह्युएलला पत्र लिहिलं. ह्युएल सुताराचा मुलगा, यंत्रशास्त्राच्या गणितावर पुस्तकं लिहिणारा, खनिजशास्त्राचा प्राध्यापक राहिलेला, ग्रीक पक्कं. रसायनातल्या सूत्रांनी बीजगणिताचे नियम पाळले पाहिजेत म्हणून त्याने १८३१ मध्ये एक लेखही लिहिला होता. शेजारी शेजारी लिहिलेली अक्षरं गणितात गुणाकार असतात, रसायनात बेरीज कशी, हा त्याचा आक्षेप. (H₂O मधला २ हा घातांक का नाही, हे पोरं अजून विचारतात, तेव्हा मला ह्युएल आठवतो.)

दुसऱ्याच दिवशी, २५ एप्रिलला, त्याचं उत्तर तयार. अ‍ॅनोड आणि कॅथोड. 'आनोदोस' म्हणजे चढण, 'काथोदोस' म्हणजे उतरण, दोन्ही ग्रीकमधले रुळलेले शब्द. सूर्य चढतो ती बाजू अ‍ॅनोड, उतरतो ती कॅथोड. मेच्या पत्रात अ‍ॅनायन, कॅटायन आणि दोघांना मिळून आयन हेही त्यानेच दिले.

फॅरेडेच्या ओळखीच्यांनी नावं ठेवलीच. १५ मेच्या पत्रात तो लिहितो की माझी अवस्था त्या बाप-लेक आणि गाढवाच्या गोष्टीतल्या बापासारखी झाली होती, पण तुमच्या नावाची ढाल पुढे केली आणि विरोध विरघळला. आपल्या पोरांना पाठ असलेली गोष्ट फॅरेडेच्या पत्रात सापडली, तेव्हा मला फार आनंद झाला होता.

तर बाई, अ‍ॅनोड या शब्दात प्लस नाही की मायनस नाही. ते मुद्दाम टाळलं आहे. आपल्या 'धनाग्र'मध्ये मात्र धन चिकटून आलं. तुमच्या मोरचुदाच्या बरणीत बॅटरीचा प्लस प्रवाह आत ढकलतो, म्हणून तिथे शब्द चपखल बसतो. लिंबात प्रवाह बाहेरच्या तारेतून तांब्याकडून जस्ताकडे येतो आणि जस्तावाटेच रसात शिरतो. म्हणजे जस्तच अ‍ॅनोड, आणि बाहेरून मोजाल तर मायनस. मुलगी शंभर टक्के बरोबर आहे.

सेकंड पीयू सायन्स

सर, खूप धन्यवाद. मी मराठी माध्यमातून दहावी केली आणि पीयूसीला (अकरावी-बारावीला) सगळं इंग्रजीत आलं. इलेक्ट्रोकेमिस्ट्रीला दोन महिने मी अ‍ॅनोड म्हणजे प्लस धरून चालले होते, सगळी उदाहरणं चुकायची. माझी युक्ती सांगते. अ‍ॅनोड आणि ऑक्सिडेशन (इलेक्ट्रॉन सोडणं) दोन्ही स्वराने सुरू होतात, कॅथोड आणि रिडक्शन (इलेक्ट्रॉन घेणं) दोन्ही व्यंजनाने. घट असो की अपघटन, हे कधीच बदलत नाही.

निपाणीकर

मग सरळ अ‍ॅनोड-कॅथोडच शिकवा की. पोरांना पुढे तेच लागणार आहे. धनाग्र-ऋणाग्र कशाला डोक्यावर?

निवृत्त मास्तर, शहापूर

निपाणीकर, पेपर मराठीत आहे, आणि पोरगं विचारही मराठीत करतं. शब्द काढून टाकला तर त्या मुलीला प्रश्न पडलाच नसता. 'अ‍ॅनोड' हा तिच्यासाठी नुसता आवाज आहे. 'धन' कळत होतं म्हणून तिला विसंगती दिसली. दोन्ही शब्द द्या, आणि धनाग्र हा अपघटनाच्या भांड्यापुरता आहे हे सांगा.

घरातल्या इन्व्हर्टरची बॅटरी दाखवा. लाल टोक कायम प्लस. लाईट गेली की तीच प्लसची पट्टी कॅथोडचं काम करते, लाईट आली आणि चार्जिंग सुरू झालं की अ‍ॅनोडचं. टोकाचं नाव तेच, काम पालटतं.

खानापूरच्या बाई

सर, दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. आज सोमवार, सांगून आले.

आमच्या वर्गाची खिडकी पूर्वेला आहे, मागचं दार पश्चिमेला, घाटाकडे. टेबल मध्ये ओढलं, मोरचुदाची बरणी ठेवली, प्लसची तार खिडकीच्या बाजूला. मग लिंबू ठेवलं, खिळा खिडकीकडे आणि तांबं दाराकडे. दोन्हीकडे प्रवाह खिडकीकडून शिरतो आणि दाराकडे निघतो, हे खडूने टेबलावर बाण काढून दाखवलं. फॅरेडेने पत्र लिहिलं आणि दुसऱ्या दिवशीची तारीख घालून उत्तर आलं, हे ऐकून मागची पोरंसुद्धा गप्प झाली.

तिला म्हटलं, त्या दिवशी मी तुला चुकीचं गप्प बसवलं. ती काही बोलली नाही. पुढे आली, लिंबातला खिळा आणि तार काढून जागा अदलाबदल केली, मीटर बघितला, मग अख्खं लिंबूच अर्धं फिरवलं आणि खिळा परत खिडकीकडे आणला. "बाई, आता परत उगवतीला," म्हणाली.