लहान मुलांचं घर, महिन्याचा किराणा आणि रोजचा स्वयंपाक: कोल्हापूरकरांनो, तुमचा अनुभव लिहा

आमची मुलगी पहिलीत आहे, मुलगा दोन वर्षांचा. आम्ही दोघंही नोकरी करतो आणि राजारामपुरीत भाड्यानं राहतो. घरभाडं, शाळेची फी, गाडीचा हप्ता हे आकडे हलत नाहीत. ओढाताण झाली की हात आखडतो तो किराणा आणि भाजीवर. मुलांची हाडं-दात भरायचं वय मात्र नेमकं हेच, त्यामुळे तिथं हात आखडणं मला पटत नाही.

माझं मत आधीच सांगते. आमटी, भाकरी, उसळ, पालेभाजी, ताक या आपल्या रोजच्या जेवणात मुलांना लागणारं जवळजवळ सगळं आहे, आणि ते परवडतंही. अडतं ते तयारीपाशी. आदल्या रात्री कडधान्य भिजत घातलं नाही की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता घरी आल्यावर नूडल्सचं पाकीट फुटतं. म्हणून सणावाराचे पदार्थ नकोत. कामावरून आल्यावर तुमच्या घरात खरोखर काय शिजतं, पैसे कुठं वाचतात आणि लहान मूल काय आवडीनं खातं, ते लिहा.

सुरुवात माझ्याकडून. आमच्या घरी प्रश्न होता तिखटाचा. वर्षाची चटणी (म्हणजे आपलं मसाल्याचं लाल तिखट) उन्हाळ्यात करून ठेवतो, ती पडल्याशिवाय आमटीला चव नाही. आणि दोन वर्षांच्या पोरासाठी रोज वेगळा स्वयंपाक करायला वेळही नाही आणि गॅसही परवडत नाही. आता तूरडाळ घोटून झाली की तिला फक्त हळद, हिंग आणि जिऱ्याची फोडणी देते. मीठ अगदी बेताचं. त्यातली मुलाची वाटी आधी बाजूला काढते. मग पळीत तेल, ठेचलेला लसूण आणि चटणी तडतडवून उरलेल्या आमटीवर ओतते. झणझणीत आमटी मोठ्यांना, तीच डाळ मऊ भातावर तूप घालून मुलाला. मुलीला आता दुसऱ्या फोडणीतलं थोडं थोडं चालायला लागलंय.

आता तुम्ही लिहा.

कसबा बावडा, गृहिणी, तीन आणि सात वर्षांची मुलं

ताई, आमच्या घरात कडधान्यांचे वार ठरलेले आहेत. मटकी, मसूर, चवळी, काळा वाटाणा, हुलगा (कुळीथ) अशी आलटून पालटून. काय करू म्हणून रोज डोकं खाजवावं लागत नाही.

मोड आलेली मटकी बाजारात विकत घेणं मी बंद केलं. पाव किलो सुकी मटकी भिजून मोड आल्यावर अर्ध्या किलोच्या पुढे भरते, चार माणसांची उसळ होऊन सकाळच्या डब्यालाही उरते. सकाळी भिजत घालायची, रात्री उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधायची आणि चाळणीत ठेवून वर ताट झाकायचं. उन्हाळ्यात सकाळपर्यंत मोड डोकावतात. थंडीत वेळ लागतो, तेव्हा पुरचुंडी डब्यात घालून शेगडीच्या कडेला ठेवते. फडकं रोज धुवायचं, नाहीतर वास येतो. धाकट्यासाठी मूठभर मटकी जास्त शिजवून पळीनं दाबून देते.

भिजत घालायचं राहून गेलं तर अख्खा मसूर. तो न भिजवताही कुकरमध्ये शिजतो. कांदा, टोमॅटो, आलं-लसूण आणि चटणी. सोबत ज्वारीची भाकरी आणि कांदा. पाहुणा आला तरी कमीपणा वाटावा असं हे जेवण नाही.

गगनबावड्याकडचं माहेर, सध्या फुलेवाडी

नाचणीविषयी लिहायलाच हवं. आमच्या डोंगरभागात ती वरकस जमिनीवर येते. माहेरी सकाळची न्याहारीच नाचणीची होती. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं तेव्हापासून शहरातल्या दुकानांत नाचणीची बिस्किटं, नाचणीचे चिप्स असं बरंच दिसतं. त्यांत मैदा, साखर आणि तेल किती आहे ते पाकिटामागे वाचा आणि मग ठरवा. साधी नाचणी किलोनं घ्या. लहान मुलांच्या तयार पावडरीच्या एका डब्याच्या पैशात तीन-चार किलो नाचणी सहज येते.

शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. गव्हात त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. दूध नाकारणाऱ्या मुलांच्या आयांनी हे लक्षात ठेवावं.

माझी पद्धत अशी. नाचणी तीन-चार पाण्यांनी धुवायची, कारण तिच्यात बारीक खडे असतात. रात्रभर भिजवून, उपसून, फडक्यात बांधून मोड आणायचे. मोड पांढऱ्या धाग्यासारखे दिसले की सावलीत सुती कापडावर पसरायची. खडखडीत वाळली की मंद आचेवर हलकी भाजून दळून आणायची. मोड आणल्यानं ती पचायला हलकी होते आणि तिच्यातलं लोह अंगी लागायलाही मदत होते. दोन चमचे पीठ थंड पाण्यात कालवून मग गॅसवर ठेवायचं. उकळत्या पाण्यात कोरडं पीठ टाकलं की गुठळ्या होतात. सतत हलवत राहायचं. रंग गडद होऊन चकाकी आली की खीर झाली.

मूल वर्षाच्या आतलं असेल तर साखर, गूळ, मीठ काही घालू नका. मध तर वर्षाच्या आत अजिबात नाही, त्यातून बाळाला विषबाधा होऊ शकते. आमच्याकडे जुनी माणसं चाटण म्हणून मध लावायला सांगतात, तेव्हा नम्रपणे पण ठाम नाही म्हणायचं. वर्षानंतर थोडा गूळ चालतो. गूळ आपल्या कोल्हापूरचा आहे, मला त्याचा अभिमान आहे, पण तोही गोडच. बेतानंच द्यावा.

गोकुळ शिरगाव, फौंड्रीत कामाला, मुलगा पाच वर्षांचा

सगळ्या ताई लिहितायत, एका बापाचंही घ्या. रविवारचा स्वयंपाक माझ्याकडे.

कोल्हापुरात मटणाशिवाय रविवार म्हणजे अवघडच. २०१९ च्या अखेरीस इथं मटणाच्या दरावरून आंदोलन झालं होतं, म्हणजे विषय किती जिव्हाळ्याचा आहे बघा. पण दर रविवारी किलोभर आणणं आमच्या पगारात बसत नाही. आम्ही महिन्यातून एकदाच अर्धा किलो आणतो, हाडांसकट. हळद, मीठ, आलं-लसूण लावून भरपूर पाण्यात शिजवायचं. ते जे अळणी पाणी निघतं तीच खरी कमाई. पोराला आधी वाटीभर अळणी, त्यात भात कुस्करून आणि दोन मऊ फोडी. उरलेल्या अळणीचे दोन भाग करायचे. एका भागात खसखस, तीळ आणि खोबऱ्याचं वाटण घालून पांढरा, दुसऱ्यात चटणीचा तांबडा. मटण अर्धाच किलो, पण रस्सा सगळ्यांना पोटभर.

बाकीच्या रविवारी अंडी. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं असतात आणि एवढ्या पैशात दुसरं काही मिळणं अवघड. रात्रपाळीहून आलो की कांदा घालून अंड्याची पोळी आणि भाकरी, दहा मिनिटांत जेवण.

शिवाजी पेठ

भाजी संध्याकाळी उशिरा घ्या. कपिलतीर्थ मंडईत शेवटाला पालेभाजीचे ढीग स्वस्त होतात, विकणाऱ्या मावशींनाही पेंड्या परत न्यायच्या नसतात. घरी आल्या आल्या निवडून, न धुता, कागदात गुंडाळून ठेवायची. कोथिंबिरीचे देठ आमटीत, मुळ्याचा पाला पीठ पेरून, पोकळ्याचे कोवळे देठ पानांबरोबरच. शेवग्याच्या झाडाखाली राहणाऱ्यांनी तर पाला विकत घ्यायचं कारणच नाही.

करवीर तालुका, अंगणवाडी सेविका

रोज मुलांची वजनं घेण्यातच आयुष्य गेलं म्हणून अधिकारानं लिहिते. घरात अन्न असूनही मूल अशक्त राहतं त्याचं एक मोठं कारण मी बघते ते चहा-बिस्कीट. सकाळी उठल्या उठल्या कपात बिस्किटं बुडवून दिली की मुलाची भूक मरते आणि अकरापर्यंत ते काही मागत नाही. घरातली मोठी माणसं प्रेमानंच देतात. त्यांच्यावर रागावू नका, त्यांच्या हातात दुसरं काहीतरी द्या. शिळ्या भाकरीचा कुस्करा दुधात किंवा ताकात, केळ्याचे काप, भाजलेल्या शेंगदाण्याच्या कुटाचा आणि गुळाचा लहान लाडू. अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे पाच वर्षांच्या आतल्या मुलाला देऊ नका, घशात अडकतात. कूट करूनच द्या.

दुसरं, पालेभाजी आणि डाळीवर लिंबू पिळा. त्यानं अन्नातलं लोह जास्त शोषलं जातं. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेतला की उलटं होतं. हे आयांनाही लागू आहे, बाळंतपणानंतर रक्त कमी असलेल्या कितीतरी मुली जेवण झालं की चहा टाकतात.

आणि अंगणवाडीत यायला संकोच करू नका. ही योजना १९७५ पासून चालू आहे. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना आणि गरोदर, स्तनदा मातांना घरी न्यायचा आहार मिळतो, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत गरम जेवण. नोकरदार घरातल्या आयांना वाटतं हे आपल्यासाठी नाही. तसं काही नाही, नाव नोंदवा.

गंगावेश

दुधाविषयी थोडं. आमच्याकडे कट्ट्यावर डोळ्यासमोर काढलेलं म्हशीचं दूध मिळतं, ते तिथंच उभं राहून पिणं ही इथली जुनी रीत. मोठ्यांनी काय ते ठरवावं, लहान मुलाला मात्र उकळल्याशिवाय देऊ नये असं आमच्या डॉक्टरांनी बजावलंय आणि आम्ही ते पाळतो. दाट दुधाची साय काढून तूप घरचंच होतं, दही-ताकही. तूप विकत आणल्याचं आठवत नाही.

शिरोळ तालुका

आम्ही नदीकाठचे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला, महामार्ग बंद पडला, भाजी आणि दूध येईना. तेव्हापासून पावसाळ्याआधी सुका साठा ठेवतोच. कडधान्यं, सांडगे, शेंगदाणे, सुकं खोबरं, जवसाची आणि कारळ्याची चटणी. पूर आला नाही तरी ऑगस्टमध्ये भाजी महागते तेव्हा तोच साठा उपयोगी पडतो. सांडग्याची आमटी मुलं मिटक्या मारत खातात.

मंगळवार पेठ, आजी सांगतात, नात लिहितेय

“आमच्या वेळंला पैसा कुठं होता? पण पोरं धडधाकट होती. पावसाळ्यात पोराला सर्दी धरली की हुलग्याचं माडगं. हुलगं भाजायचं, दळायचं, पीठ पाण्यात कालवून आधणात सोडायचं, वर सुंठ आणि गूळ. थंडीत उडदाचं घुटं. सालीची डाळ मऊ शिजवायची, रवीनं घोटायची, मिरची-लसूण ठेचून घालायचा. पोरांची वाटी मिरचीच्या आधी काढायची, ते तुमच्या त्या ताईनं बरोबर लिवलंय. आताच्या पोरींनी हुलगा सोडला, म्हणत्यात जनावराचा खुराक. अगं, बैल ज्यावर नांगर ओढतो ते माणसाला वाईट कसं असंल?”

(आजीच्या हातचं घुटं मी आता शिकलेय. कुकरला चार शिट्ट्या आणि रवी, एवढंच लागतं.)

उजळाईवाडी, दोघंही नोकरीला, जुळ्या मुली

मला थोडं वेगळं म्हणायचंय. वरचं सगळं खरं आहे, पण या सगळ्याला कुणाचे तरी हात लागतात, आणि ते बहुतेक घरांत बाईचेच असतात. भिजवणं, उपसणं, वाळवणं, दळण नेणं हे काम मोजलं नाही तर स्वस्त जेवण बाईच्या झोपेतून वसूल होतं. आमच्या घरी वाटणी केली आहे. बाजार आणि भाजी निवडणं नवऱ्याकडे, रात्री भिजत घालणं माझ्याकडे, सकाळचा कुकर जो आधी उठेल त्याच्याकडे. एकाच कुकरमध्ये खाली डाळ, वर तांदूळ, सगळ्यांत वर बटाटे किंवा दुधी. डाळ अर्धा तास आधी भिजवली की शिट्ट्या कमी लागतात. रात्री मुगाची खिचडी, ताक आणि काकडी. यात कसलीही कमतरता नाही.

*(धागा काढणारी: हे मनापासून पटलं. आमच्याकडेही दळण आता हेच नेतात. कुणी शाळेच्या डब्याचं लिहील का? रोज पोळी-भाजी परत येते.)*

सम्राटनगर, शिक्षिका

वर्गात मी रोज डबे बघते. पोळी-भाजी परत येते कारण भाजी खाली सांडते आणि मधली सुट्टी लहान असते. एका हातात धरून खाता येईल असं द्या. भाजणीचं छोटं थालीपीठ सगळ्यांत आधी संपतं. ज्वारी, बाजरी, थोडे गहू, हरभरा डाळ, उडीद डाळ, धने, जिरे वेगवेगळे भाजून एकत्र दळायचे. पीठ मळताना कालची उरलेली आमटी आणि चिरलेली मेथी घालायची, वेगळी भाजी लागत नाही. सोबत वाळकाचा किंवा गाजराचा तुकडा.

दळताना एक काळजी घ्या. भाजणी ज्वारीच्या दळणावर टाकायला सांगायची. चटणीच्या डंकावर, म्हणजे मिरची कुटतात तिथं, दिली की पिठाला मिरचीचा ठसका लागतो आणि लहान पोरं पहिल्याच घासाला डबा बाजूला सारतात.