मदत हवी आहे: मेनफ्रेमवरचा लिनक्स सर्व्हर रिबूटनंतर सापडेना, डिस्क दुसरीकडं माउंट करायची आहे (अर्जंट)

पंचगंगाकाठ | रविवार, सकाळी ७:१२
मंडळी, तातडीनं मदत पाहिजे. काल रात्री मेंटेनन्समध्ये सर्व्हर रिबूट केला आणि तेव्हापासून गायब आहे, पिंगला उत्तर नाही, एसएसएचनं लांबून लॉगिन नाही, काही नाही. त्याची डिस्क दुसऱ्या सर्व्हरला जोडून आतली फाईल दुरुस्त करता येते म्हणून ती जोडली तर रीड-ओन्ली लागतेय, लिहूनच देत नाही. काय चुकतंय? उद्या ९ ला क्लायंटची माणसं कामाला बसतात. मी राजारामपुरीत घरातनं काम करालोय, मशीन परदेशात आहे, तिथं जाऊन बघणारं कुणी नाही. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. फक्त नेमकं काय करायचं ते सांगा.

केदार_लिनक्सवाला | ७:३१
भावा सर्व्हर कुठला, लिनक्स कुठलं, डिस्क कशी जोडलीस, एरर काय आला, यातलं काहीच लिहिलं नाहीस. नेटवर्क गेलं का मशीनच उठलं नाही, ते तरी सांग.

पंचगंगाकाठ | ७:३४
मेनफ्रेम आहे, टायटलमध्येच लिहिलंय की. लिनक्स म्हणजे रेड हॅट ८.

उद्यमनगर_हार्डवेअर | ७:४०
दादा हार्डडिस्क काढून आपल्याकडं आण, सॅटा ते यूएसबी केबल लावून अर्ध्या तासात डेटा काढून देतो. रविवारी पण दुकान उघडं असतं, दुपारी २ पर्यंत.

जुना_सिसप्रोग | ७:५२
उद्यमनगरवाले, ही डिस्क हातात धरून आणायची वस्तू नव्हे. स्टोरेजच्या मोठ्या कपाटातला एक तुकडा असतो आणि तो मेनफ्रेमला ३३९० म्हणून दिसतो. खरी ३३९० ही १९८९ सालची चीज, आता फक्त तिचं सोंग उरलंय.
पंचगंगाकाठ, बाळा, मेनफ्रेम एवढ्यावर भागत नाही. झेड व्हीएमखालचा गेस्ट आहे (म्हणजे एका मशीनवर चालणाऱ्या अनेक आभासी मशिनांपैकी एक) का थेट एलपारमध्ये (मशीनच्याच एका वाट्यात)? आणि ३२७० चा कन्सोल, म्हणजे गेस्टचा स्वतःचा पडदा, उघडून बघितलास का? उघडला असशील तर खाली उजव्या कोपऱ्यात काय लिहून येतंय, रनिंग, मोअर, होल्डिंग का सीपी रीड? आधी हे सांग.

पंचगंगाकाठ | ८:०५
झेड व्हीएम आहे सर. कन्सोलवर लॉगऑन केलं होतं, सीपी रीड दिसलं म्हणून मी तसाच डिस्कनेक्ट झालो.

जुना_सिसप्रोग | ८:०९
मग तो गेस्ट अजून जिवंतच आहे. तू कन्सोल घेतलास तेव्हा सीपीनं, म्हणजे झेड व्हीएमच्या गाभ्यानं, त्याला थांबवून धरलं, रन ऑन ही सेटिंग केलेली नसेल तर असंच होतं. परत लॉगऑन कर, बिगिन (पुढं चालू कर) टाक आणि काय सरकतंय ते बघ. स्क्रीन भरून मोअर आलं की क्लिअरची की दाब, नाहीतर माणूस समोर बसून राहतो आणि मशीन हलत नाही. शेवटच्या दहा ओळी इथं टाक.

तांबडा_पांढरा | ८:२०
मेनफ्रेमवर लिनक्स चालतं? मला वाटायचं तिथं फक्त कोबोल आणि बँकेचं काम. कधीपासून चालतं हे?

केदार_लिनक्सवाला | ८:२४
१९९९ च्या डिसेंबरमध्ये आयबीएमनं लिनक्स कर्नलसाठी आपले पॅचेस दिले, तेव्हापासून. धागा भरकटवू नका, माणूस अडचणीत आहे.

पंचगंगाकाठ | ८:४१
बिगिन टाकलं. भरपूर मजकूर पळाला, मग दीड मिनिट एका डिव्हाइसची वाट बघत थांबला, टाइमआउट झाला आणि इमर्जन्सी मोड आला. शेवटची ओळ अशी की रूट, म्हणजे मुख्य, अकाउंट लॉक असल्यामुळं कन्सोल उघडता येत नाही. आमच्याकडं रूटला पासवर्डच नाही, सगळं सुडोवर, आपापल्या अकाउंटमधून.

केदार_लिनक्सवाला | ८:४५
म्हणजे नेटवर्कचा काही दोष नाही. इमर्जन्सी मोडमध्ये नेटवर्क सुरूच होत नाही, म्हणून पिंग नाही. एफएसटॅबमध्ये, म्हणजे बूट होताना कुठल्या डिस्क माउंट करायच्या त्या यादीत, अशी डिस्क लिहिलीय जी त्याला सापडत नाही. आठवून बघ, एवढ्यात नवीन डिस्क जोडली होतीस?

पंचगंगाकाठ | ८:५२
हो, तीन आठवड्यांपूर्वी लॉगसाठी एक डॅस्डी (मेनफ्रेमची डिस्क) जोडली होती, नंबर ०२०५. ऑनलाइन केली, फॉरमॅट केली, माउंट केली, एफएसटॅबमध्ये ओळ टाकली. सगळं व्यवस्थित चालू होतं की.

केदार_लिनक्सवाला | ८:५५
ऑनलाइन कशानं केलीस, सीएचसीसीडब्ल्यूडेव्ह कमांडनं? ते फक्त पुढच्या रिबूटपर्यंतच. कायमची करायला रेड हॅट ८ मध्ये इटीसी फोल्डरातल्या डॅस्ड डॉट कॉन्फ फाईलमध्ये तिचा नंबर लिहावा लागतो. तू तो लिहिला नाहीस, एफएसटॅबला मात्र ती हवीच आहे, म्हणून अडलं. डिस्क बिस्क जोडायची भानगडच नको, आयपीएल (मेनफ्रेमचं बूट) करतानाच पार्म, म्हणजे जादा पॅरामीटर, देऊन इनिट इज इक्वल टू बिन बॅश टाक, थेट कमांड लाइन मिळते, मग रूट (मुख्य फाइलसिस्टम) रीड-राइट रिमाउंट कर, एफएसटॅबमधली ती ओळ काढ, संपलं.

जुना_सिसप्रोग | ९:०३
पद्धत चुकीची नाही, पण तो कन्सोल लाइन मोडचा आहे, तिथं व्हीआय एडिटर उघडत नाही. सेड कमांडनं आंधळेपणानं ओळ बदलावी लागते, आणि रात्रभर जागलेल्या माणसाला मी एफएसटॅबवर सेड चालवायला सांगणार नाही. दुसऱ्या गेस्टमधून फाईल डोळ्यांनी दिसते. व्हीएम/३७० आलं १९७२ ला, मिनिडिस्क (गेस्टच्या वाट्याची डिस्क) दुसऱ्या गेस्टला लिंक करून देणं तेव्हापासून आहे. आम्ही रात्रीच्या पाळीत अशीच मशिनं उभी केली.

केदार_लिनक्सवाला | ९:०६
काका मी ती सेडची ओळ आयत्या वेळी लिहून देतो की. दहा मिनिटांचं काम आहे, दुसरा गेस्ट, लिंक, एलव्हीएम (डिस्क एकत्र बांधणारी व्यवस्था) एवढं सगळं कशाला?

पंचगंगाकाठ | ९:१०
दोघांच्या पाया पडतो, पण डिस्क जोडून झालीय, फक्त रीड-ओन्ली का ते सांगा. लिंक एमआर मोडमध्ये केली. नेटवर एके ठिकाणी एमडब्ल्यू वापरा असं लिहिलंय. वापरू?

जुना_सिसप्रोग | ९:१२
नको. हात लावू नको. एमआर म्हणजे दुसऱ्या कुणाकडं लिहायचा हक्क नसेल तरच तुला मिळतो, नाहीतर नुसतं वाचायला. तुझा मूळ गेस्ट अजून लॉगऑन आहे, हक्क त्याच्याकडं आहे, म्हणून तुला रीड-ओन्ली. एमडब्ल्यू कसलीही चौकशी न करता लिहू देतं, मग दोन लिनक्स एकाच फाइलसिस्टमवर एकमेकांना न विचारता लिहितात. ते झाल्यावर एफएसटॅब राहील बाजूला, सगळा डेटा बॅकअपमधून आणावा लागेल. आधी जुनी लिंक डिटॅच कर. मग मूळ गेस्ट लॉगऑफ कर, डिस्कनेक्ट नव्हे, लॉगऑफ. मग परत एमआरनं लिंक कर.

रंकाळा_वैशाली | ९:१५
सॉरी विषय वेगळा आहे, पण राजारामपुरीत लाईट आहे का? इकडं पहाटेपासून नाही. आणि पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचं पाणी कुठवर आलंय कुणाला माहीत आहे का? आईबाबा सुतारवाड्याजवळ राहतात, २०१९ च्या पुरापासून पाऊस लागला की आम्हाला झोप येत नाही.

तांबडा_पांढरा | ९:१९
ताई इशारा ३९ फुटाला आणि धोका ४३ ला, आकडा जिल्ह्याच्या पूर नियंत्रण कक्षाला फोन केला की सांगतात. आईबाबांना आत्ताच वरच्या मजल्यावर किंवा नातेवाइकांकडं हलवा, रात्र होऊ देऊ नका. २०१९ ला शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं तेव्हा मी पलीकडं अडकलो होतो, घरी आजी एकटी.

पंचगंगाकाठ | ९:२१
ताई लाईट आहे इकडं, मोबाईल चार्ज करायचा असेल तर या.
सर, लॉगऑफ केलं, आता लिंक राइट मिळाली. पण माउंट करायला गेलो तर एलव्हीएम म्हणतंय एकाच यूयूआयडीचे (ओळख नंबराचे) दोन फिजिकल व्हॉल्यूम (डिस्क) आहेत.

केदार_लिनक्सवाला | ९:२४
ज्या गेस्टवर जोडलीस तो त्याच क्लोनमधून बनवलाय का?

पंचगंगाकाठ | ९:२५
हो, आमचे चारही गेस्ट एकाच गोल्डन इमेजच्या (साच्याच्या) कॉपी.

केदार_लिनक्सवाला | ९:२७
हे पहिल्या पोस्टमध्ये पाहिजे होतं रे. मग तिथं पुढं काही करू नकोस, आणि व्हॉल्यूम ग्रुपचं (एलव्हीएमनं बांधलेल्या डिस्कांच्या गटाचं) नाव बदलायच्या तर नादालाच लागू नकोस, नाहीतर मूळ सर्व्हरला बूट होताना स्वतःची रूट सापडणार नाही. वेगळा इन्स्टॉल केलेला एखादा गेस्ट आहे का? टेस्टचा, मॉनिटरिंगचा, कसलाही?

पंचगंगाकाठ | ९:३३
मॉनिटरिंगचा आहे, तो हातानं इन्स्टॉल केलेला. बघतो.

जुना_सिसप्रोग | ९:३६
पहिल्या गेस्टमधून डिस्क ऑफलाइन करून डिटॅच कर, ते विसरू नको. मग मॉनिटरिंगवरून, मोबाईलवर देवनागरीत लिहितोय, अक्षरं तू बसवून घे: व्हीएमसीपी लिंक, गेस्टचं नाव, ०२०१, १२०१, एमआर. मग सीएचसीसीडब्ल्यूडेव्ह उणे ई ०.०.१२०१. डिव्हाइस दिसलंच नाही तर सीआयओ इग्नोरच्या (दुर्लक्ष करायच्या डिव्हाइसच्या) यादीत असेल, त्यातनं काढ. एलएसडॅस्डी करून कुठल्या नावानं आलं ते कागदावर लिहून ठेव, कारण तिथं आधीच डॅस्डीए, डॅस्डीबी असणार. आणि डॅस्डीएफएमटी ही कमांड आज बोटाला लागता कामा नये, ती विचारते आणि डिस्क पुसते.

पंचगंगाकाठ | १०:०२
झालं!! व्हॉल्यूम ग्रुप चालू केला, रूट माउंट झाली, एफएसटॅब डोळ्यांसमोर आहे. शेवटची ओळ तीच, ०२०५ ची. तिच्या पर्यायांत नोफेल (डिस्क नसली तरी बूट अडवू नको) टाकलं आणि डॅस्ड डॉट कॉन्फमध्ये ०२०५ लिहिलं. आता चरूट करून (त्या रूटच्या आत शिरून) झिपल (बूटलोडर लिहिणारी कमांड) चालवायचं ना?

तांबडा_पांढरा | १०:०४
मी कुठंतरी वाचलंय झिपल चालवलंच पाहिजे, नाहीतर बूट होत नाही.

केदार_लिनक्सवाला | १०:०६
कर्नल, इनिटरॅमएफएस (बूटची सुरुवातीची इमेज) किंवा बूटचे पॅरामीटर बदलले तर झिपल, कारण ते डिस्कवरच्या ब्लॉकचे पत्ते लिहून ठेवतं. तू फक्त इटीसीतल्या दोन फायली बदलल्यास, रूटची डिस्क तीच आहे. गरज नाही. मॉनिटरिंगवर सेलिनक्स (सुरक्षेची व्यवस्था) बंद असेल तर मात्र रूटमध्ये डॉट ऑटोरिलेबल नावाची रिकामी फाईल ठेव, पहिलं बूट वेळ घेईल, घाबरू नकोस.

जुना_सिसप्रोग | १०:०८
याच्याशी सहमत. अनमाउंट, व्हॉल्यूम ग्रुप बंद, डिस्क ऑफलाइन, डिटॅच. याच क्रमानं. मग मूळ गेस्ट लॉगऑन करून आयपीएल ०२०१.

पंचगंगाकाठ | १०:३७
उठला. पिंग आला, एसएसएच आला, लॉगची डिस्क पण आपोआप लागली. सर, केदारदादा, शब्द नाहीत. आई चहा घेऊन मागं उभी आहे, तिला सांगितलं तर तीपण खाली बसली.

जुना_सिसप्रोग | १०:४१
चहा पी. पण झोपायच्या आधी एक सांग, त्या दिवशी बाकीच्या तीन गेस्टना पण लॉगची डिस्क जोडली होतीस का?

पंचगंगाकाठ | १०:५५
आत्ता बघितलं. दोघांना जोडली होती, दोन्हीकडं डॅस्ड डॉट कॉन्फ रिकामीच आहे. चालू आहेत तोवर लिहून टाकतो.

रंकाळा_वैशाली | ११:१०
लाईट आली. आईबाबांना मामाकडं न्यायला निघालोय.