मदत हवी आहे: फॉस्फेट बफरचा पीएच का जुळत नाही?

प्रोजेक्टसाठी सोडियम फॉस्फेट बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) बनवतेय, पीएच 7.4 हवाय, आणि तीन दिवस झाले तिथेच अडकलेय. 0.5 मोलर स्टॉक (नंतर पातळ करून वापरायचं तीव्र द्रावण), 1 लिटर. पीकेए (ज्या पीएचला दोन्ही फॉस्फेट निम्मी-निम्मी असतात तो आकडा) 7.2 धरून डायसोडियम आणि मोनोसोडियम फॉस्फेटचं प्रमाण साधारण 61:39 येतं, म्हणून डायसोडियम 109 ग्रॅम आणि मोनोसोडियम 30 ग्रॅम घेतलं. आधी शंका आली की बाटलीत निर्जल मीठ आहे की काय, कारण निर्जल डायसोडियमचा रेणुभार 142 आणि 12 पाण्याच्या रेणूंवाल्याचा 358, तिथे चुकलं की सगळंच गंडतं, पण लेबलवर 12 पाणीवालंच आहे, मोनोसोडियम 2 पाणीवालं, रेणुभार 156.

तरी मीटर 6.8 च्या आसपास दाखवतोय! कॅलिब्रेशन दोनदा केलं. आणि तोच स्टॉक 10 पट पातळ केला की पीएच वर सरकतो. हे आयनांच्या गर्दीमुळे होतं का, म्हणजे तीव्र द्रावणात पीकेए खरंच 7.2 पेक्षा खाली धरायचा? किती धरता तुम्ही?

दुसरं म्हणजे स्टॉक फ्रिजमध्ये ठेवला तर सकाळी तळाशी मोठे पारदर्शक खडे. डायसोडियम थंडीत कमी विरघळतं हे समजलं, पण कोमट करून परत विरघळवला तर वापरायला चालेल ना?

पीएच वाढवायला एकाने ट्रायसोडियम फॉस्फेट टाक म्हटलं, पण त्याचं 1 टक्का द्रावणच पीएच 12 च्या जवळ जातं, डोळ्यात उडालं तर इजा होईल. कॉस्टिक सोडा पण तसाच जहाल. गॉगल, ग्लोव्हज घालतेच, पण यातलं काय वापरू? प्लीज सांगा, सोमवारी एन्झाइमचं काम सुरू करायचंय.