आत्याच्या घटस्फोटाच्या निकालाची नक्कल काढायची आहे, केस नंबर माहीत नाही

ओंजळ:
नमस्कार मंडळी. कोर्टातून घटस्फोटाचे जुने कागद काढलेल्या कुणाची तरी मदत हवी आहे.

माझी आत्या ६३ वर्षांची आहे. २००० च्या सुमारास सासर सोडून ती आमच्याकडे सांगलीला आली, तेव्हापासून इथंच. माझं लहानपण तिच्याच हाताखाली गेलं. आजोबा रेल्वेत होते, मिरजेहून निवृत्त झाले. आजी १९९८ मध्ये गेली, आजोबा मार्च २००३ मध्ये. रेल्वेच्या पेन्शनरच्या घटस्फोटित मुलीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं, हे आम्हाला आत्ता कळलं. त्यासाठी कोर्टाचा निकाल लागतो आणि नेमका तोच नाही. कागदांची पिशवी खालच्या कपाटात होती, २०१९ च्या पुरात तिचा लगदा झाला.

माहिती एवढीच आहे: निकाल २००४ मध्ये लागला. कोर्ट आत्याच्या सासरच्या तालुक्याला, शेजारच्या जिल्ह्यात. वकील आता हयात नाहीत. बाबा तिच्याबरोबर जायचे, तेही आता नाहीत. ई-कोर्ट्सवर (कोर्टांच्या संकेतस्थळावर) त्या तालुक्याच्या कोर्टात दोघांच्या नावांनी शोधलं, काहीच आलं नाही. नंबर नसताना कागद मिळतो का? पूर्वीच्या नवऱ्याला नोटीस जाते का? आत्याला त्या माणसाचा संबंध पुन्हा नको आहे. त्यात एका ओळखीच्या गृहस्थांनी सांगितलं, की निकाल वडील गेल्यानंतरचा असेल तर पेन्शन बसणारच नाही. ते ऐकल्यापासून ती म्हणते, राहू दे, नको आता ते. मला मात्र राहू द्यायचं नाही.

पायवाट:
ई-कोर्ट्सवर शोधताना ‘निकाली’ हा पर्याय निवडला होता का? नाहीतर फक्त चालू प्रकरणं दिसतात. नावाची स्पेलिंगं बदलून बघा, एकाच आडनावाची इंग्रजीत चार-चार रूपं टाकलेली असतात. तरीही २००४ मधलं बरंचसं तिथं चढवलेलंच नसतं. त्यामुळे तिथं सापडलं नाही म्हणजे कोर्टात नाही, असं धरू नका.

निवृत्त शिरस्तेदार:
ताई, नोकरीत बरीच वर्षं नक्कल विभागात काढली, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. नकलेसाठी समोरच्या पक्षकाराला नोटीस जात नाही, त्याची संमती लागत नाही. आत्या स्वतः पक्षकार आहेत, त्यांचा तो हक्क आहे. मात्र अर्जावर सही त्यांचीच हवी. वैवाहिक प्रकरणाचे कागद वाटेल त्याला देत नाहीत. तुम्ही भाची म्हणून स्वतःच्या नावाने अर्ज केलात तर तुम्ही त्रयस्थ ठरता. मग कारण सांगणारं प्रतिज्ञापत्र लागतं आणि कोर्टाचा हुकूम होईपर्यंत थांबावं लागतं. त्यापेक्षा अर्ज आत्यांचा, सोबत तुमच्या नावाचं अधिकारपत्र आणि दोघींची आधारकार्डं. मग हेलपाटे तुम्ही घालू शकता. काही ठिकाणी वकिलामार्फतच या म्हणतात, तेव्हा वकीलपत्र द्यावं.

आता नंबर. नंबर नसला तरी मार्ग आहे. कोर्टात दरवर्षीची नोंदवही असते, त्यात प्रकरणं दाखल झाली त्या क्रमाने लिहिलेली असतात. ‘नोंदवही पाहून प्रकरणाचा क्रमांक मिळावा’ असा शोधाचा अर्ज देता येतो. दोघांची पूर्ण नावं, गावं आणि अंदाजे साल लिहायचं. एक लक्षात ठेवा, वही दाखल झालेल्या सालाची असते, निकालाच्या नव्हे. निकाल २००४ चा म्हणून लोक २००४ ची वही बघायला लावतात आणि हात हलवत परत जातात. तुम्ही २०००, २००१, २००२ अशी तिन्ही सालं लिहा.

पण त्याआधी घर पुन्हा एकदा चाळा. निकालाची प्रत हरवली तरी नंबर दुसरीकडे कुठेतरी उतरलेला असतो: वकिलाची पावती, तारखेची चिठ्ठी, रेशनकार्डावर नाव चढवताना केलेलं प्रतिज्ञापत्र, विम्यावर वारस बदलल्याचा अर्ज, बँकेतला नावबदल. दिवंगत वकिलांचे ज्युनिअर कोण होते, हे त्या गावच्या बाररूममध्ये विचारा. डायऱ्या बहुधा त्यांच्याकडेच जातात.

काळा कोट:
शिरस्तेदार काकांशी पूर्ण सहमत. मी कौटुंबिक प्रकरणं चालवते, थोडी भर घालते.

१. तुम्ही चुकीच्या कोर्टात शोधताय अशी मला दाट शंका आहे. हिंदू विवाह कायद्याचा अर्ज कनिष्ठ स्तराच्या कोर्टात चालत नाही. जिथं कौटुंबिक न्यायालय नाही तिथं तो दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे किंवा जिल्हा न्यायालयात जातो. त्या तालुक्याला त्या वेळी वरिष्ठ स्तर होतं का, हे विचारा. नसेल तर प्रकरण जिल्ह्याच्या ठिकाणी असणार. आत्यांना तालुक्याचं कोर्ट आठवत असेल तर ते पोटगीचं असू शकतं. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ ची पोटगी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे चालायची. ते प्रकरण वेगळं, नंबर वेगळा, कागदही वेगळा.

२. २००३ च्या दुरुस्तीपर्यंत बायकोला, केवळ माहेरी राहते म्हणून, माहेरच्या कोर्टात अर्ज करता येत नव्हता. लग्न लागलं ते ठिकाण, नवरा राहतो ते ठिकाण किंवा दोघं शेवटचं एकत्र राहिले ते ठिकाण, एवढेच नेहमीचे पर्याय होते. त्यामुळे शोध याच तीन जागी घ्यायचा. जिल्हे फुटल्याचंही ध्यानात ठेवायचं. नंदुरबार १९९८ पर्यंत धुळ्यात होतं, हिंगोली १९९९ पर्यंत परभणीत, पालघर २०१४ पर्यंत ठाण्यात. जुने कागद कधी मूळ जिल्ह्यातच राहिलेले असतात.

३. आणि ही सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट, आत्यांना आजच सांगा. ‘निकाल वडील गेल्यानंतरचा म्हणून पेन्शन नाही’ हे बरोबर नाही. केंद्राच्या पेन्शन विभागाचं १९ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे. घटस्फोटाचा अर्ज आई किंवा वडील हयात असताना कोर्टात दाखल झालेला असेल, तर निकाल नंतर लागला तरी मुलगी पात्र ठरते. पेन्शन घटस्फोटाच्या तारखेपासून धरलं जातं. उत्पन्नाची मर्यादा आणि पुनर्विवाह न केल्याची अट आहेच. म्हणजे तुमच्या बाबतीत सगळं दाखल तारखेवर अवलंबून आहे: मार्च २००३ च्या आधी की नंतर.

म्हणून नुसता हुकूमनामा (डिक्री) मागू नका. निकालपत्र आणि हुकूमनामा दोन्ही मागा. आपल्याकडच्या निकालपत्रावर पहिल्याच पानावर वरच्या कोपऱ्यात दाखल दिनांक, नोंदणी दिनांक, निकाल दिनांक आणि लागलेला कालावधी छापलेला असतो. तुम्हाला तोच कोपरा हवा आहे. सोबत मूळ अर्जाच्या पहिल्या पानाची नक्कलही मागून ठेवा.

सातासमुद्रापार:
माझा अनुभव थोडा वेगळा आहे, पण कुणाला तरी उपयोगी पडेल. अमेरिकेत दुसऱ्या लग्नानंतर व्हिसाच्या कामासाठी माझ्याकडे ‘घटस्फोटाचं प्रमाणपत्र’ मागितलं. लग्नासारखं घटस्फोटाचं प्रमाणपत्र आपल्याकडे नगरपालिकेत मिळत नाही, कोर्टाचा हुकूमनामा हाच पुरावा. माझा मराठीत होता, म्हणून इंग्रजी भाषांतर जोडलं. भाषांतर पूर्ण व अचूक आहे आणि आपल्याला दोन्ही भाषा येतात, असं भाषांतरकाराने सहीनिशी लिहून द्यावं लागतं. दुसऱ्या देशांत वापरायचा असेल तर अपोस्टिल (परदेशात कागद चालावा म्हणून केलेलं सरकारी साक्षांकन) लागतं का, ते आधी विचारून घ्या. आणि एकाच वेळी दोन-तीन प्रमाणित प्रती काढा. मी एकच काढली आणि वर्षभरात पुन्हा आईला पाठवावं लागलं.

पायवाट:
माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला तर लवकर काम होईल का?

काळा कोट:
नाही. न्यायालयीन कागदांच्या प्रती कोर्टाच्या स्वतःच्या नियमांनीच घ्यायच्या, असा सर्वोच्च न्यायालयाचा मार्च २०२० चा निकाल आहे. त्यात वेळ घालवू नका.

आणि इथं वाचणाऱ्या सगळ्यांसाठी एक कळकळीची गोष्ट. गावाकडे स्टॅम्पपेपरवर ‘सोडचिठ्ठी’ लिहून दोघांच्या सह्या घेतात आणि बाईला वाटतं आपला घटस्फोट झाला. ज्या समाजात रूढीनेच घटस्फोट मान्य आहे तिथली गोष्ट वेगळी, आणि तिथंही ती रूढी सिद्ध करावी लागते. बाकीच्यांचं लग्न अशा कागदाने मोडत नाही. माझ्याकडे निकालाची नक्कल काढायला आलेल्या एका बाईंच्या बाबतीत कळलं, की कोर्टात कधी काही दाखलच झालं नव्हतं. वीस वर्षं त्या स्वतःला घटस्फोटित समजत होत्या. घरात अशी कुणी असेल तर कागद एकदा बघून घ्या.

ओंजळ:
खूप आभार. कालची रात्र माळ्यावर काढली. आजोबांची पत्र्याची ट्रंक तिथं होती, त्यामुळे पुरातून वाचली. त्यात त्यांच्या दरवर्षीच्या डायऱ्या. आजोबा पै-पैचा हिशेब लिहायचे. २००१ च्या डायरीत ऑगस्टमधलं एक पान जसंच्या तसं उतरवते:

‘बुधवार. कोर्ट. दोघांचं एस.टी. जाऊन-येऊन. वकील ३००. चहा ६. हिं. वि. अ. ११८/०१. पुढील ता. २६ सप्टें. बेबी दिवसभर जेवली नाही.’

बेबी म्हणजे आत्या. तिला वाचून दाखवलं तर ती एकदम म्हणाली, अगं, तालुक्याला आम्ही गाडी बदलायचो! उतरायचो ते जिल्ह्याला. तालुक्याच्या कोर्टात पोटगीची केस होती. ताई, तुम्ही म्हणालात अगदी तसंच निघालं.

निवृत्त शिरस्तेदार:
‘हिं. वि. अ.’ म्हणजे हिंदू विवाह अर्ज. ११८/०१ म्हणजे अर्ज २००१ मध्येच नोंदवला गेला. आजोबा तेव्हा हयात होते. आता निर्धास्तपणे जा.

अर्जात प्रकरण क्रमांक, दोघांची नावं, निकालाची तारीख माहीत नसेल तर ‘सन २००४’, कोणकोणत्या कागदांच्या किती प्रती, सर्व लिहा. कोर्ट फी स्टॅम्प लावा, नक्कल फी पानांच्या हिशेबाने नंतर सांगतात. अर्जाचा क्रमांक आणि पुढची तारीख लिहून घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. निकाली प्रकरण अभिलेख कक्षात गेलेलं असतं, तिथून मागवायला वेळ लागतो. ‘आढळून येत नाही’ असं सांगितलं तर तोंडी ऐकून परतू नका. तसा लेखी शेरा अर्जावर मागा आणि प्रबंधकांना भेटा. लेखी मागितलं की पुन्हा नीट शोध होतो, हा माझा अनुभव.

नक्कल हातात आली की तिथंच उभं राहून पाहा: प्रत्येक पानावर शिक्का, शेवटी ‘खरी नक्कल’ आणि सही, पाठीमागे अर्ज केल्याची, तयार झाल्याची आणि दिल्याची तारीख. आणि नावातल्या चुका. नकलेत चूक असेल तर त्याच दिवशी दुरुस्त होऊ शकते.

ओंजळ:
तीन आठवड्यांनी लिहिते आहे. नक्कल मिळाली!

पहिल्या फेरीत प्रकरण सापडलं नाही. काकांनी सांगितल्याप्रमाणे लेखी शेरा मागितला. तिथल्या एका बाईंनी आत्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, बसा मावशी, मी स्वतः बघते. तासाभराने लाल फडक्यात बांधलेला गठ्ठा घेऊन आल्या. ११८/०१ चुकून पुढच्या सालाच्या गठ्ठ्यात बांधलं गेलं होतं. सतराव्या दिवशी नक्कल हातात.

वरचा कोपरा: दाखल दि. ११/०७/२००१. निकाल दि. १८/०६/२००४. कालावधी २ वर्षे, ११ महिने, ७ दिवस. आत्याने बाकी काही वाचलं नाही. त्या तीन ओळींवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, अण्णांनी वेळेवर केलं गं सगळं. अण्णा म्हणजे आजोबा. एस.टी.त मांडीवर फाइल घट्ट धरून बसली होती, मला हात लावू दिला नाही.

आता एकच अडचण. निकालात तिचं सासरचं नाव आहे, आधार आणि बँकेत माहेरचं. अर्ज असाच द्यावा की राजपत्रात नाव छापून आणावं लागेल?

काळा कोट:
मनापासून आनंद झाला. आधी राजपत्राच्या मागे लागू नका. दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असं प्रतिज्ञापत्र करा, सोबत शाळा सोडल्याचा दाखला जोडा, आणि आजोबांच्या पेन्शनच्या कागदांत कुटुंबीयांच्या यादीत त्यांचं नाव कसं लिहिलंय ते बघून घ्या. पेन्शन विभागाने लेखी मागितलं तरच राजपत्र. अर्जाला नकलेची झेरॉक्स साक्षांकित करून लावा, प्रमाणित प्रत पडताळणीला दाखवून परत आणा. किती प्रती काढल्या?

ओंजळ:
तीन. एक आजोबांच्या ट्रंकेत ठेवली, माळ्यावर.